दोन बहिणी, एक कवी आणि भाकरीचा प्रश्न



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावला की तो बोनस, भविष्यनिर्वाह निधी नाही तर नवे कामगार कायदे यांवर बोलणार, असे गृहीत धरले जाते. चिटणिसांनीही तसेच धरले होते. एका प्रेमकथेच्या चित्रपटावर बोलतो असे मी कळवले, तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. यंत्रमागाच्या खटखटाटात ज्याचे निम्मे आयुष्य गेले, त्याने अडीचशे वर्षांपूर्वीच्या जर्मन सरदारकन्यांच्या प्रेमाविषयी बोलावे हे विचित्रच आहे. परंतु मी शाळा नववीत सोडली, आणि त्यानंतर जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दोन तंट्यांच्या मधल्या वेळात. अशा वाचनाला शिस्त नसते. शिस्त नसल्याचा एक फायदा असा की, कोणत्या विषयावर आपण बोलू नये हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते.

चित्रपटाचे दिग्दर्शक डोमिनिक ग्राफ. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला, आणि त्या वर्षी जर्मनीने ऑस्करसाठी हाच चित्रपट पाठवला होता. एका फिल्म सोसायटीच्या कृपेने मला तो पाहायला मिळाला, आणि नंतर मी तो आणखी दोनदा पाहिला. जर्मन नावाचा सरळ अर्थ ‘लाडक्या बहिणी’ असा होतो. (हशा.) हसा, हसा. २०२४ साली आपल्या राज्य सरकारने सुरू केलेल्या योजनेनंतर हे दोन शब्द महाराष्ट्रात उच्चारले की माणसाच्या डोळ्यांसमोर आधी पंधराशे रुपये येतात. मी सांगू का, हा योगायोग मला वाटला तितका थट्टेचा नाही. बाईच्या हातात स्वतःचे म्हणून दरमहा काही पैसे असावेत की नसावेत, हा प्रश्न या चित्रपटात पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत आहे. फक्त पात्रे अतिशय सुंदर पोशाखात वावरत असल्यामुळे तो चटकन दिसत नाही.

कथा खरी आहे. निदान तिचा सांगाडा खरा आहे. नायक म्हणजे जर्मन कवी आणि नाटककार फ्रीडरिख शिलर. आपल्याकडे गटेचे नाव पुष्कळांना माहीत असते, कारण त्याने ‘शाकुंतला’ची स्तुती केली. शिलरचाही शकुंतलेशी संबंध आहे. गेओर्ग फोर्स्टरने केलेल्या तिच्या जर्मन भाषांतरातले काही प्रवेश शिलरने १७९० साली आपल्या ‘थालिया’ या नियतकालिकात छापले होते. पण ते जाऊ द्या. मला या माणसाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली ती दुसऱ्याच कारणाने.

शिलर १७५९ चा. व्युर्टेम्बेर्गच्या ड्यूकने त्याला आपल्या लष्करी शाळेत घातले, डॉक्टर केले आणि पलटणीत नेमले. त्याने ‘डाकू’ हे नाटक लिहिले आणि कर्ज काढून स्वतः छापले. १७८२ साली मानहाइमला त्याचा प्रयोग झाला, लोकांनी नाटक डोक्यावर घेतले. हा गृहस्थ रजा न घेता प्रयोग पाहायला गेला. ड्यूकने त्याला चौदा दिवस अटकेत ठेवले आणि पुन्हा नाटक लिहायचे नाही असा हुकूम काढला. तेव्हा एका मित्राबरोबर तो रातोरात राज्य सोडून पळाला. विनापरवाना गैरहजेरी, शिस्तभंगाची कारवाई आणि मग नोकरी सोडून पोबारा! आमच्या कचेरीत असली प्रकरणे आठवड्याला दोन येतात. फरक एवढाच की आमच्या माणसांनी ‘डाकू’ लिहिलेले नसते. छपाईचे ते कर्ज मात्र पुढे कितीतरी वर्षे त्याच्या मानगुटीवर बसले होते. चित्रपट सुरू होतो तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. नाव मोठे, खिसा रिकामा.

आता बहिणी. रुडोलश्टाट नावाच्या लहानशा संस्थानात लेंगेफेल्ड घराणे होते. वडील संस्थानच्या जंगलखात्याचे मुख्य अधिकारी. ते १७७५ साली वारले. थोरली कारोलिने तेव्हा बारा वर्षांची, धाकटी शार्लोटे नऊ वर्षांचीही नव्हती. घराणे खानदानी, पण पैसा नाही. विधवा आई, दोन मुली आणि राखायची अब्रू. हे कुटुंब तुम्हाला परके वाटते का? मला तर नाही वाटत. थोरलीचे लग्न सोळाव्या वर्षीच ठरवून टाकले गेले, आणि १७८४ साली ते झाले. नवरा फॉन बॉयल्व्हिट्झ, संस्थानचा दरबारी, माणूस सज्जन आणि मुख्य म्हणजे पैसेवाला. त्या लग्नामुळे आईचा आणि धाकटीचा संसार उभा राहिला. कारोलिनेला तो नवरा कधीच आवडला नाही. पण तिला कोणी विचारले नव्हते, आणि तिनेही नाही म्हटले नाही. थोरल्या मुलीच्या लग्नावर घर चालवणे हा काही जर्मन लोकांचा शोध नाही.

धाकटी शार्लोटे वायमारला पाठवली जाते. तेथे फॉन श्टाइन बाई आहेत, गटेच्या मैत्रीण. त्यांच्या देखरेखीखाली मुलीने दरबारी रीतभात शिकावी, आणि तेवढ्यात एखादे चांगले स्थळ मिळाले तर पाहावे, असा बेत. इथे चित्रपटातला पहिला सुंदर प्रसंग येतो. शार्लोटे खिडकीत उभी आहे. खाली रस्त्यावर एक तरुण वाट चुकला आहे, आणि तो मान वर करून तिला पत्ता विचारतो. तो शिलर. प्रसंग एवढाच. पण त्यातले अंतर पाहा. ती वर आहे, खानदानी आहे. तो खाली आहे, लष्करातल्या एका सामान्य अधिकाऱ्याचा मुलगा आहे. आणि गंमत अशी की, पैशाची चणचण दोघांनाही सारखीच आहे.

१७८८ च्या उन्हाळ्यात शिलर रुडोलश्टाटजवळच्या फोल्कश्टेट खेड्यात बिऱ्हाड करून राहिला. रोज संध्याकाळी चालत बहिणींच्या घरी जायचा. वाचन, गप्पा, नदीकाठचे फिरणे. चित्रपटाचा हा भाग फार रसरशीत झाला आहे. झाले नदीत बुडणाऱ्या एका मुलीला वाचवायला शिलर उडी घेतो. वर येतो तो थंडीने काकडत, दातखिळी बसलेला. दोघी बहिणी त्याला दोन्ही बाजूंनी मिठी मारून ऊब देतात. त्यांच्या मनात काय आहे ते शब्दांत सांगायच्या आधी दिग्दर्शकाने ते शरीरांतून सांगितले आहे, आणि त्यात तिळमात्र अचकटपणा नाही.

याच्या मागे आणखी एक प्रसंग ठेवला आहे. स्वित्झर्लंडच्या प्रवासात ऱ्हाइन नदीच्या धबधब्यापाशी या बहिणींनी एकमेकींना वचन दिलेले असते, आपण सगळे वाटून घ्यायचे. धबधब्याच्या गर्जनेत दिलेले ते वचन पुढे एका जिवंत माणसापर्यंत येऊन पोचते. कारोलिनेच सुचवते की शार्लोटेने शिलरशी लग्न करावे. म्हणजे तिघांनाही जवळ राहता येईल, आणि जगाला विचारायला जागा राहणार नाही.

आपल्याकडचा प्रेक्षक इथे लगेच ‘सवत’ हा शब्द उच्चारेल. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी तो उच्चारलाच. आता बायका एकमेकींच्या झिंज्या उपटणार, या आशेने ते सावरून बसले. त्यांची निराशा झाली असावी. कारण चित्रपटाचा पहिला दीड तास मत्सर जवळजवळ येतच नाही. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. आमच्याकडे दोन सख्ख्या बहिणी एकाच घरात दोन भावांना द्यायच्या, एका मांडवात दोन लग्ने उरकायची, ही पद्धत खेड्यापाड्यांतून पाहिलेली माणसे या सभागृहात पुष्कळ असतील. लोक म्हणतात, खर्च वाचतो. खर्च वाचतोच, पण त्या पोरींना विचारा. परक्या घरात आपले म्हणावे असे एक माणूस बरोबर येते, याचा आधार त्यांना मोठा असतो. लेंगेफेल्ड बहिणींचा बेत याच जातीचा आहे. एका पुरुषावर दोघींचे मन जडले हे खरे. पण एकमेकींपासून तुटायचे नाही, ही ओढही तितकीच खरी. नवरे ठरवताना त्यांना कोणी विचारत नव्हते; निदान बहीण तरी आपली आपण निवडलेली राहावी!

यातले इतिहासात किती आणि पडद्यावर किती, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. शिलरची दोघी बहिणींना मिळून लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. १७८९ च्या ऑगस्टमध्ये लाउखश्टेट येथे कारोलिनेनेच त्याला सांगितले की शार्लोटेचे तुझ्यावर प्रेम आहे, आणि मग त्याने पत्राने मागणी घातली. मागणी मान्य झाल्यावरही त्याची प्रेमपत्रे दोघींना जात राहिली. एवढे कागदावर आहे. यापुढे तिघांचा संबंध कुठपर्यंत गेला याला पुरावा नाही. दिग्दर्शकाने तेथे कल्पनेने पूल बांधला आहे. कारोलिनेला पुढे मुलगा झाला, त्याच्या पितृत्वाविषयी चित्रपट संशय ठेवतो. त्यालाही पुरावा नाही. कथा सांगणाऱ्याला एवढी मोकळीक असावी. न्यायालयात मात्र हे टिकणार नाही.

पत्रांवरून आठवले. या चित्रपटात पत्रे फार आहेत, आणि ती दाखवण्याची तऱ्हा न्यारी आहे. पत्र लिहिणारे माणूस सरळ आपल्याकडे, प्रेक्षकाकडे तोंड करून ते बोलू लागते. नावे उघड करायची नाहीत म्हणून त्यांनी खुणांची एक गुप्त लिपी केलेली असते. मधूनमधून निवेदकाचा आवाज येतो, तो खुद्द दिग्दर्शकाचाच आहे. ही पत्रे पोचवायला पायी जाणाऱ्या निरोप्या बाया असत. एका गावाहून दुसऱ्या गावाला पाठीवर टोपली घेऊन त्या जात, येताना उत्तर आणत. एवढ्या हळव्या पत्रव्यवहाराचे ओझे कोणीतरी पाऊसपाण्यात मैलोगणती वाहून नेत होते. पडद्यावर अशी माणसे येतात आणि जातात. चुली पेटवणाऱ्या, अंथरुणे बदलणाऱ्या मोलकरणींच्या तोंडी चार वाक्ये घातली असती तर चित्रपट काही लांबला नसता. तसा तो आधीच लांब आहे. बर्लिनला दाखवलेली प्रत तर पावणेतीन तासांहून अधिक होती.

आता मी ज्या प्रसंगासाठी हा चित्रपट पुन्हा पाहिला, त्याकडे येतो.

२६ मे १७८९. येना विद्यापीठात शिलरचे पहिले व्याख्यान. मे महिना आहे, संध्याकाळ आहे, आणि गाव व्याख्यानाला लोटले आहे. तुम्हाआम्हाला हे दृश्य ओळखीचे वाटावे. ठरलेली खोली भरून गेली, जिने भरले, बाहेर गर्दी. तेव्हा दुसऱ्या टोकाच्या मोठ्या दिवाणखान्यात जायचे ठरले, आणि चारशेच्यावर विद्यार्थी जागा पकडायला रस्त्यातून धावत सुटले. गावकऱ्यांना वाटले, कुठेतरी आग लागली! हे शिलरने स्वतः आपल्या मित्राला पत्रात कळवले आहे. त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी पॅरिसला बास्तीय पडला.

व्याख्यानाचा विषय असा : जगाचा इतिहास म्हणजे काय, आणि तो कशासाठी शिकायचा? आरंभीच शिलर विद्वानांचे दोन वर्ग पाडतो. एक भाकरीसाठी शिकणारा. याला पदवी, हुद्दा आणि पगार यांपुरतेच ज्ञान हवे असते. कोणी नवे काही शोधून काढले की हा घाबरतो, कारण त्याने पाठ केलेले फुकट जाते. दुसरा तत्त्वचिंतक. त्याला सत्य आपल्या मतापेक्षाही प्रिय असते, म्हणून स्वतः बांधलेली इमारत तो आनंदाने मोडून पुन्हा बांधतो.

हे ऐकताना प्रथम मी खुर्चीत चुळबुळलो. भाकरीची अशी हेटाळणी मला सोसत नाही. माझ्या लोकांनी जे काही शिकले ते भाकरीसाठीच शिकले. हजेरीपत्रक वाचता यावे, पगाराच्या चिठ्ठीतली कपात कळावी, अंगठा लावण्याऐवजी सही करता यावी म्हणून चाळीस वर्षांच्या बायका रात्रीच्या वर्गाला बसलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांना कोणी खालच्या दर्जाचे विद्यार्थी म्हणू लागला तर मी त्याच्याशी भांडेन, मग तो जर्मनीचा महाकवी का असेना.

पण व्याख्यान मिळवून वाचले तेव्हा पटले की त्याचा रोख यांच्यावर नाही. पोट भरल्यावरही जो भाकरीच्याच हिशेबाने विचार करतो, त्याच्यावर त्याचा रोख आहे. आणि असे विद्वान मी पुष्कळ भोगले आहेत. कायद्याचे पुस्तक पाठ, पण समोरच्या माणसाचे काय होणार याकडे डोळाझाक! असे एकजण मला म्हणाले होते, ‘तुमचे म्हणणे न्यायाचे आहे, पण ते माझ्या कलमात बसत नाही.’ शिलरने त्यांना दोनशे वर्षे आधीच ओळखून ठेवले होते.

मात्र एक गोष्ट शिलरने त्या व्याख्यानात सांगितली नाही, ती मी सांगतो. हे सारे बोलणाऱ्या प्राध्यापकाला पगार नव्हता! नेमणूक झाली होती ती बिनपगारी. विद्यार्थी जी फी देतील तीच मिळकत. भाकरीसाठी शिकणाऱ्यांना नावे ठेवणारा माणूस स्वतः रात्री भाकरीचा हिशेब करत होता, कारण भाकरीशिवाय त्याला लग्न करता येत नव्हते. आणखी मौज ऐका. व्याख्यान छापताना शिलरने स्वतःला ‘इतिहासाचा प्राध्यापक’ म्हटले. त्याची नेमणूक होती तत्त्वज्ञान विभागात. इतिहासाची अधिकृत जागा ज्यांच्याकडे होती, त्या हाइनरिख नावाच्या प्राध्यापकांनी ताबडतोब हरकत घेतली. ज्याचा हुद्दा त्याचाच! फिटर आणि मदतनीस यांच्या कामाच्या वर्गवारीवरून आमच्याकडे जो तंटा होतो, तो हाच.

चित्रपटात हे व्याख्यान आहे. ते वाचायचेही असते हे मात्र प्रेक्षकांतल्या फार थोड्यांना ठाऊक असावे. प्रेमाच्या गोष्टीत ते का घातले, असे एका समीक्षक मित्राने मला विचारले. मला वाटते, दिग्दर्शकाला नेमके कळले होते की हा प्रसंग प्रेमाच्या गोष्टीच्या बाहेरचा नाहीच. बहिणींची आई, तिला मुली फ्रेंचमधून ‘शेर मेर’ म्हणत, जावयाचे काव्य विचारत नाही. ती विचारते, उत्पन्न किती? आपण तिला खलनायिका ठरवू नये. नवऱ्यामागे दोन पोरी वाढवलेली बाई दुसरे काय विचारणार?

म्हणून मग शिलर वायमारच्या ड्यूककडे गेला, आणि वर्षाला दोनशे थालर मंजूर करून घेतले. दरबारात मान राहावा म्हणून मायनिंगेनच्या ड्यूककडून ‘होफराट’ ही पदवी मिळवली. तेवढी शिदोरी झाल्यावर २२ फेब्रुवारी १७९० रोजी येनाजवळच्या व्हेनिगेनयेना खेड्यातल्या लहानशा चर्चमध्ये, गाजावाजा न करता, लग्न लागले. शार्लोटेला याची किंमत द्यावी लागली. सामान्य कुळातल्या माणसाशी लग्न केल्यामुळे वायमारच्या दरबाराचे दार तिला बंद झाले. ते उघडायला १८०२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शिलरला सरदारकी मिळाली, आणि ती त्याने मुख्यतः तिच्यासाठीच घेतली असे म्हणतात.

लग्नानंतर वर्षभरात, १७९१ च्या जानेवारीत, शिलर जबर आजारी पडला. छातीचे दुखणे. त्यातून तो पुन्हा पुरता बरा कधी झालाच नाही. व्याख्याने बंद, म्हणजे फी बंद. घर कशावर चालणार? इथे जी घटना घडली तिच्यापाशी चित्रपटाने आणखी थांबायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिलर वारला अशी खोटी बातमी डेन्मार्कला पोचली. तेथे बागेसेन नावाचा कवी आणि काही चाहते हेलेबेक या समुद्रकाठच्या गावी जमले, आणि त्यांनी शिलरचे स्मारक-समारंभ केला. सारी माणसे भाऊ होतील अशी आशा ज्यात आहे, ते शिलरचे आनंदगीत त्यांनी तेथे म्हटले. पुढे कळले, कवी जिवंत आहे पण हलाखीत आहे. तेव्हा ऑगुस्टेनबोर्गचा राजपुत्र आणि अर्थमंत्री काउंट एर्न्स्ट शिमेलमान, यांनी तीन वर्षे दरसाल एक हजार थालर देऊ केले. ड्यूकच्या पाचपट! बरोबरचे पत्रही इतके विनयाचे होते की घेणाऱ्याला लाज वाटू नये. त्या पैशाने शिलरला दम घ्यायला सवड दिली, तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला सवड दिली. माणसाच्या सौंदर्यदृष्टीच्या शिक्षणावरची त्याची विख्यात पत्रे त्या राजपुत्रालाच लिहिलेली आहेत.

पण शिमेलमानचा पैसा कुठला? वेस्ट इंडीज बेटांतल्या उसाच्या मळ्यांचा. तेथे त्या घराण्याचे शेकडो गुलाम राबत होते. ज्या हेलेबेकला बंधुभावाचे गीत म्हटले गेले, त्याच गावी त्यांचा बंदुकांचा कारखाना होता. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की हाच शिमेलमान डेन्मार्कमध्ये गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या १७९२ च्या हुकुमाच्या मागे होता. तो हुकूम अमलात यायचा होता १८०३ साली, आणि मळ्यावरचे गुलाम मोकळे झाले ते १८४८ साली. त्या दहा-अकरा वर्षांच्या मुदतीचा अर्थ मला कोणी समजावून सांगायला नको. बंदी घालायची, पण आधी मालकांना भरपूर माल भरून घेऊ द्यायचा.

यात शिलरचा दोष किती, हे ठरवायला मी बसलेलो नाही. खोकल्यातून रक्त पडणाऱ्या माणसाने, घरी तरुण बायको असताना, मदतीचा मनीऑर्डर परत पाठवावा असे मी म्हणणार नाही. मी स्वतः संपाच्या काळात कोणाकोणाकडून तांदळाची पोती घेतली आहेत, ते नको विचारायला. पण येनाच्या त्या घरात संध्याकाळी दिवा लागला, तिघे पुस्तक वाचायला बसले, तर त्या दिव्यातले तेल कोणाच्या घामाचे होते, हे प्रेक्षकाला दिसायला हवे होते. कॅमेरा एकदा, एका क्षणापुरता, त्या बेटांकडे वळला असता तर बिघडले नसते. नकाशे तर या चित्रपटात आहेतच.

आता तिघांच्या बेताचे काय झाले ते सांगतो. तो मोडला. चित्रपटाचा उत्तरार्ध त्याचाच आहे, आणि पुष्कळांना तो कंटाळवाणा वाटला. मला तोच अधिक खरा वाटला. पूर्वार्धात ऊन आहे, नदी आहे. उत्तरार्धात बाळंतपणे आहेत, आजार आहे, बिऱ्हाडे बदलणे आहे. कारोलिनेने १७९४ साली नवऱ्याला सोडले आणि त्याच वर्षी व्हिल्हेल्म फॉन व्होल्त्सोगेनशी लग्न केले. हा शिलरचा शाळासोबती. शार्लोटेला चार मुले झाली. बेत मोडला तो कोणी दुष्टपणा केला म्हणून नाही. घरातली एक बाई रात्री मूल घेऊन जागते आणि दुसरी नवऱ्याशी काव्यावर बोलते, अशी वाटणी झाली की वचन कितीही धबधब्यापाशी दिलेले असो, ते टिकत नाही. सगळे वाटून घेऊ म्हणताना त्या पोरींनी कामाची वाटणी बोलून घेतलीच नव्हती. हेन्रिएटे कॉन्फुरिउसने शार्लोटेचे काम केले आहे. आधी हसरी, बुजरी असलेली ही मुलगी हळूहळू ओठ मिटून घेत जाते, ते पाहण्यासारखे आहे. हाना हेर्त्सश्प्रुंगची कारोलिने मात्र शेवटपर्यंत पेटलेली. दोघींचे भांडण अखेर फुटते तेव्हा ते मनाला लागते, कारण तोवर दोघींचेही बरोबर आहे हे आपल्याला कळलेले असते. फ्लोरिआन श्टेटरचा शिलर गोड आहे. जरा जास्तच गोड. ज्याने ‘डाकू’ लिहिले त्याच्या अंगातली रग मला दिसली नाही.

कारोलिनेविषयी आणखी थोडे बोलायला हवे. ती लिहीत होती. १७९६ आणि १७९७ साली शिलरच्या ‘होरेन’ मासिकात ‘आग्नेस फॉन लिलिएन’ ही कादंबरी क्रमशः आली, लेखकाचे नाव नसताना. वाचकांत चर्चा उसळली. फ्रीडरिख श्लेगेलसारख्या जाणत्या टीकाकाराला वाटले, हे गटेचेच लिखाण! केवढे मोठे शिफारसपत्र! आणि ते दुसऱ्याच्या नावावर जमा. बाईने केलेले काम घरच्या पुरुषाच्या नावावर लागते, हे हातमागाच्या प्रत्येक घरी पाहिलेले आहे. कांड्या भरणारी बायको, ताणा सांधणारी बहीण, आणि हजेरीत नाव एकाचेच. खानदानी घरात वाचायची सोय होती, कागद होता, छापणारा जवळचा होता. नाव तेवढे नव्हते. प्रेमाच्या त्रिकोणात कारोलिनेचे काय हरपले, असे विचारणाऱ्यांना मी शिलरच्या आधी हे नाव सांगेन.

शिलर ९ मे १८०५ रोजी वायमारला गेला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. व्होल्त्सोगेन १८०९ साली गेला. कारोलिनेचा एकुलता मुलगा १८२५ साली गेला, आणि पुढच्या वर्षी बॉनला शार्लोटे गेली, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर. सगळे वाटून घ्यायचे म्हणणाऱ्यांतली ही एकटी मागे राहिली. १८३० साली तिने शिलरचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यासाठी तिच्याजवळ पत्रांचा तो सारा गठ्ठा होता. छापायला देताना तिने त्यांतला मजकूर गाळला, कुठे बदलला. मृत बहिणीचा संसार लोकांपुढे नीटनेटका दिसावा, असे तिने पाहिले. संशोधक तिच्यावर त्याबद्दल रागावतात, आणि त्यांचा राग योग्यच आहे. ती स्वतः १८४७ साली येनाला वारली, चौऱ्याऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलेले मी पाहिले आहे. प्रश्न विचारायचे असतील त्यांनी जरूर विचारावेत, कामगार कायद्यांविषयीसुद्धा.